तिऱ्हाइताच्या जिवावरचा तह

व्यक्तीला परलोक असतो, राष्ट्राला नसतो. म्हणून व्यक्तीच्या पापाचा हिशेब मरणानंतर चुकता होईल अशी आशा किंवा भीती धर्माला दाखविता येते, परंतु राष्ट्राच्या पापाची फेड मात्र याच पृथ्वीवर, याच इतिहासात, कार्यकारणाच्या अटळ साखळीने व्हावी लागते, अशा आशयाचा विचार १७८७ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २२ तारखेस फिलाडेल्फिया येथील राज्यभवनाच्या बंद दालनात व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जॉर्ज मेसन याने बोलून दाखविला. सभा काही धर्मनिर्णयासाठी भरलेली नव्हती. इंग्रजांच्या अमलातून सुटलेल्या तेरा वसाहतींची सैल जूट मोडकळीस आल्यामुळे तिच्या जागी एक सबळ संघराज्य उभारावे, या हेतूने बारा राज्यांचे प्रतिनिधी (ऱ्होड आयलंडने आपला माणूस पाठविलाच नाही) मे महिन्यापासून दारे लावून घटनेचा मसुदा घडवीत बसले होते. आणि त्या दिवशीचा प्रश्न एवढाच होता की, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे भरून आणून विकण्याच्या व्यापारावर नव्या सरकारचा अधिकार चालावा की चालू नये.

मेसन धर्मोपदेशक नव्हता. पोटोमॅक नदीच्या काठी गन्स्टन हॉल नावाच्या वाड्यात राहणारा तो बडा जमीनदार होता, त्याची शेती गुलामांच्या श्रमांवर चाले, आणि १७९२ साली तो वारला तेव्हाही त्यांच्यापैकी कुणाच्या सुटकेची तजवीज त्याने करून ठेवलेली नव्हती. साहजिकच ही भाषा त्याच्या तोंडी ऐकून दक्षिण कॅरोलिनाच्या कॉट्सवर्थ पिंक्नीने वर्मावर बोट ठेवले: व्हर्जिनियात गुलाम गरजेपेक्षा अधिक झाले आहेत, बाहेरची आवक बंद पडली की घरच्यांचा भाव चढेल, तेव्हा या नीतिबोधात व्हर्जिनियाचा तोटा काहीच नाही. कनेक्टिकटच्या ऑलिव्हर एल्सवर्थचा टोमणा याहून बोचरा होता. आपण कधी गुलाम बाळगला नसल्यामुळे गुलामगिरीचा धन्याच्या शीलावर काय परिणाम होतो हे आपल्याला सांगता यायचे नाही, असे म्हणून त्याने पुस्ती जोडली की, प्रश्न नीतीचाच करावयाचा असेल तर नुसती आयात थांबवून भागणार नाही, देशात जे आहेत त्यांनाही मोकळे करावे लागेल. टोमण्यात सत्य होते. पण एल्सवर्थने ते उच्चारले ते विषय बंद पाडण्यासाठी. वकिलीकडे वळण्यापूर्वी काही काळ ईश्वरविद्येचा अभ्यास केलेल्या या गृहस्थाने गुलामगिरीच्या नीतिमत्तेचा विचार ज्या त्या राज्याने आपल्यापुरता करावा असा निर्वाळा दिला. आणि दक्षिण कॅरोलिनाच्या जॉन रटलेजने तर आदल्याच दिवशी सांगून टाकले होते की, धर्म आणि माणुसकी यांचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नाही, राष्ट्रे चालतात ती हितसंबंधांवर. रटलेजच्या या निर्लज्ज स्पष्टोक्तीचा मला एल्सवर्थच्या समंजसपणाइतका तिटकारा येत नाही. रटलेज धर्माला दाराबाहेर उभा करतो. एल्सवर्थ त्याला आत बोलावतो, आसन देतो आणि गप्प बसवितो.

पुढच्या आठ दिवसांत जे घडले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. प्रश्न समितीकडे सोपविण्यात आला आणि त्याच समितीकडे जहाजवाहतुकीच्या कायद्यांचा प्रश्नही मुद्दाम देण्यात आला. उत्तरेकडील राज्यांची मिळकत गलबतांवर अवलंबून असल्याने दर्यावरील व्यापाराचे नियम साध्या बहुमताने करता यावेत अशी त्यांची इच्छा होती. तसे झाले तर मालवाहतुकीचे दर उत्तरेच्या मर्जीवर जातील या भयाने दक्षिणेला त्यासाठी दोनतृतीयांश मतांची अट हवी होती. समितीने तोड काढली ती अशी की, माणसांच्या आयातीला १८०० सालापर्यंत मुभा असावी आणि वाहतुकीच्या कायद्यांवरील अट काढून टाकावी. २५ ऑगस्टला पिंक्नीने ती मुदत १८०८ पर्यंत वाढवून मागितली, मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीने त्याला अनुमोदन दिले, आणि या वीस वर्षांत जेवढा अनर्थ व्हायचा तेवढा होऊन जाईल ही जेम्स मॅडिसनची हरकत बाजूस सारून सात राज्यांनी चारांविरुद्ध ती मंजूर केली. त्या सातांत न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट ही तीन उत्तरेची राज्ये होती. २९ ऑगस्टला वाहतुकीची अट फेटाळली गेली, आणि त्याच दिवशी, एकही मत विरुद्ध न पडता, पळून गेलेल्या गुलामाला त्याच्या धन्याच्या स्वाधीन करण्याचे कलम मंजूर झाले. सरकारी यंत्रणेने पळालेला घोडा पकडून द्यावा असे कोणी म्हणत नाही, मग गुलाम का पकडून द्यावा, असा सवाल कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनने आदल्या दिवशी केला होता. एका रात्रीत ती शंका विरघळली. प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे हा हिशेब तर अगोदरच झालेला होता. (या हिशेबाचा अर्थ लोक बहुधा उलटा लावतात. गुलामांची पुरी गणना व्हावी हा आग्रह दक्षिणेचा होता, कारण ज्याला मत नाही अशा प्रत्येक डोक्यामागे त्याच्या धन्याचे वजन वाढणार होते. गुलामाच्या दृष्टीने पाहिले तर तीन-पंचमांशापेक्षा शून्य बरे.)

राजकारणात तडजोड म्हणजे हिणकसपणा असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. भिन्न हितसंबंधांची, भिन्न श्रद्धांची माणसे एका राज्यात नांदवावयाची तर प्रत्येक पक्षाने आपल्या हक्कातले काही सोडले पाहिजे, आणि असे सोडणे हा दुबळेपणा नसून पुष्कळदा फार मोठा संयम असतो. जी माणसे कोणत्याच बाबतीत तडजोड करीत नाहीत त्यांच्या हाती राज्य गेले म्हणजे काय होते हे युरोपने धर्मयुद्धांच्या काळात पुरेसे पाहिले आहे. परंतु या सद्गुणाचा सारा प्राण एका अटीत आहे: जे सोडायचे ते सोडणाऱ्याचे असले पाहिजे.

या अटीचा विचार आपल्याकडे फार जुन्या काळी, आणि तोही अगदी अनपेक्षित ठिकाणी, झालेला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात विश्वजित् यागाचे प्रकरण येते. या यागात यजमानाने सर्वस्वाचे दान करावयाचे असते. मग प्रश्न निघतो की सर्वस्वात काय काय मोडते? आईबाप आपलेच, तेव्हा तेही द्यावेत काय? यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वी द्यावी काय? मीमांसकांचा निर्णय असा की, ज्यावर यजमानाचे स्वामित्व चालते तेवढेच देय. आईबाप त्याचे असले तरी त्याच्या मालकीचे नव्हेत, भूमीशी सर्वांचे नाते सारखे असल्यामुळे ती राजाची खाजगी मिळकत होत नाही, आणि धर्म म्हणून सेवेस राहिलेला शूद्रही दानाची वस्तू ठरत नाही. म्हणजे यज्ञासारख्या परमपवित्र मानलेल्या कार्यासाठी, आणि दात्याची बुद्धी कितीही निर्मळ असली तरी, जे आपले नाही त्याचे दान संभवतच नाही. ते पाप ठरण्यापूर्वी अशक्य ठरते. (याच परंपरेतील स्मृतींनी विकत घेतलेल्या, युद्धात मिळालेल्या, घरात जन्मलेल्या दासांचे प्रकारही निर्विकारपणे मोजून ठेवले आहेत, मनूने ७ आणि नारदाने १५, तेव्हा अमेरिकेला धडा देण्याचा काही विशेष अधिकार आपल्याकडे आहे असा समज कुणी करून घेऊ नये.)

या कसोटीवर फिलाडेल्फियाचा तह घासून पाहावा. दक्षिणेने सोडली ती वाहतुकीच्या कायद्यावरची अट. ती तिची होती, तिने सोडली, ठीक झाले. उत्तरेने काय सोडले? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ज्यांना अजून कोणी पकडलेही नव्हते, किंबहुना ज्यांच्यातील कित्येक अजून जन्मालाही आले नव्हते, अशा माणसांचे स्वातंत्र्य; आणि ज्याने जिवावर उदार होऊन सीमा ओलांडली त्याला मिळू शकला असता तो आसरा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे याहून वेगळे काय असते? १७९० च्या पहिल्या खानेसुमारीत त्या देशात जवळजवळ ७ लाख गुलाम नोंदले गेले. त्यांच्या वतीने सभेत कोणी मुखत्यार नव्हता. पेनसिल्व्हानियातील गुलामगिरीविरोधी संस्थेने सभेसाठी एक अर्ज तयार केला होता. पण त्या संस्थेचा अध्यक्ष बेंजामिन फ्रँकलिन स्वतः सभेचा सदस्य असूनही, आधीच डळमळीत असलेली एकी मोडेल या धास्तीने म्हणा, त्याने तो पुढे केला नाही. तीन वर्षांनी, मरणाच्या दोन-अडीच महिने आधी, त्याने तशाच मागणीच्या अर्जावर सही करून तो नव्या काँग्रेसकडे धाडला, तेव्हा काँग्रेसने उत्तर दिले की राज्यांतील गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार घटनेने आपल्याला दिलेलाच नाही. ज्या दस्तऐवजावर म्हाताऱ्याने स्वतः सही केली होती, तोच दस्तऐवज त्याला दाखविण्यात आला.

तहाच्या समर्थकांची बाजू हलकी समजू नये. ती चांगली शहाणी माणसे होती. त्यांचा पहिला युक्तिवाद निकडीचा: कॅरोलिना आणि जॉर्जिया उठून गेल्या असत्या, संघराज्य झालेच नसते, आणि फुटलेल्या राज्यांना युरोपातील सत्तांनी एकेक करून गिळले असते. या धमकीत खरेपण किती होते हे कोणी अजमावून पाहिले नाही. जॉर्जियाला त्या वेळी सरहद्दीवरील क्रीक लोकांशी युद्धाचे भय होते आणि संघाच्या फौजेची गरज होती, इतकेच सांगता येते. दुसरा युक्तिवाद पेनसिल्व्हानियाच्या जेम्स विल्सनने मांडला: वीस वर्षांनी व्यापार थांबविण्याचा अधिकार मिळाला म्हणजे गुलामगिरीच्या उच्चाटनाचा पाया घातला गेलाच. प्रत्यक्षात दक्षिण कॅरोलिनाने मुदत संपण्यापूर्वीच्या चार वर्षांत चार्ल्स्टनच्या धक्क्यावर सुमारे ४० हजार माणसे उतरवून घेतली, सरकी काढण्याच्या नव्या यंत्राने कापसाला आणि कापसाने गुलामाला चढता भाव आणला, व १८६० सालापर्यंत त्या ७ लाखांचे जवळजवळ ४० लाख झाले. पाया घातला गेला होता खरा.

तिसरा युक्तिवाद सर्वांत प्रबळ, आणि तो मागाहून सुचलेला आहे. संघराज्य झाले नसते तर दक्षिणेची राज्ये स्वतंत्र राहून त्यांनी गुलामगिरी आणखी किती पिढ्या चालविली असती कोण जाणे. तिला मोडून काढणारे सैन्य ज्या सरकारने उभारले ते सरकारच मुळी त्या तहातून जन्मले. म्हणून तह वाईट असला तरी त्याचे फळ चांगले. हे खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. परंतु फळावरून कर्माचे समर्थन करावयाचे तर ते फळ कर्त्याच्या संकल्पात तरी असले पाहिजे, आणि फिलाडेल्फियात कुणाच्याही मनात असा संकल्प नव्हता. शिवाय १७८७ ते १८६५ या अठ्ठ्याहत्तर वर्षांत कॅरोलिनाच्या भातखाचरांत जे जन्मले, राबले आणि तिथेच पुरले गेले, त्यांच्या आयुष्यांचा जमाखर्च नातवंडांच्या सुटकेच्या खाती वळता करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? इतिहासाकडे मागे वळून पाहणारा माणूस ईश्वराच्या आसनावर फार सहज जाऊन बसतो.

एकदा हा शिरस्ता पडल्यावर पुढच्या तडजोडी त्याच्यामागून आल्या. १८२० साली मिसुरीला गुलामांसह राज्याचा दर्जा, मेन या नव्या मुक्त राज्याचा तिला प्रतिभार, आणि पश्चिमेकडील उरलेल्या मुलखात साडेछत्तीस अंशांच्या अक्षांशरेषेच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी, असा सौदा ठरला. प्रतिनिधिगृहात त्यातील कळीचा ठराव ९० विरुद्ध ८७ मतांनी निभावला. व्हर्जिनियाच्या जॉन रँडॉल्फने फेरविचाराची मागणी केली, तेव्हा सभापती हेन्री क्ले याने, आधी नित्याचे कामकाज उरकू द्या, असे सांगून त्याला थोपवून धरले आणि तेवढ्या वेळात विधेयक गुपचूप सिनेटकडे रवाना केले. मागणी पुन्हा पुढे आली तेव्हा कागद सभागृहात नव्हताच. राष्ट्राचे ऐक्य त्या दिवशी कारकुनाच्या हातातील कागदाबरोबर दालनाबाहेर पडले. परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडॅम्स याने राष्ट्राध्यक्षाला सही करण्याचा सल्ला दिला आणि आपल्या रोजनिशीत मात्र नोंदवून ठेवले की, स्वातंत्र्य आणि गुलामगिरी यांच्यातील जो सौदा घटनेतच आहे तो नीतीच्या व राजकारणाच्या दोन्ही दृष्टींनी दूषित आहे. सल्ला सरकारी, सत्य खाजगी. सज्जन मुत्सद्द्यांची ही वाटणी सर्व देशांत सारखीच दिसते.

१८५० सालच्या तडजोडीने मात्र हे सारे उत्तरेच्या उंबरठ्याशी आणून ठेवले. कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून संघात आले, आणि त्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांविषयीचा कडक कायदा मिळाला. त्या कायद्यान्वये पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नसे, त्याच्यासाठी ज्यूरी बसत नसे, आणि निवाडा करणाऱ्या आयुक्ताला, माणूस धन्याच्या हवाली केल्यास १० डॉलर व सोडून दिल्यास ५ डॉलर मेहनताना मिळे. हवाली करण्यात कागदपत्रांचे काम जास्त, असे त्याचे कारण देण्यात येई. मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर डॅनियल वेब्स्टर, ज्याच्या वक्तृत्वावर उत्तरेची एक पिढी वाढली होती, त्याने ७ मार्चच्या भाषणात ऐक्याच्या नावाने या सौद्याला पाठिंबा दिला. अँडोव्हरच्या मोझेस स्टुअर्टसारखा बायबलचा नामांकित पंडित त्याच्या बचावासाठी पुस्तिका घेऊन धावला, आणि संत पॉलने पळालेल्या ओनेसिमस या गुलामाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत धाडले होते, हा दाखला धर्मपीठांवरून ऐकू येऊ लागला.

या दाखल्याचे मोल ज्याच्या पाठीवर ठरले अशा एका माणसाची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. अँथनी बर्न्स हा व्हर्जिनियातील तरुण गुलाम बाप्तिस्त पंथाचा होता आणि आपल्या लोकांत प्रवचनही करी. जहाजातून पळून तो बोस्टनला आला. १८५४ सालच्या २४ मे रोजी त्याला तेथे पकडण्यात आले. आणि २ जून रोजी, घरांच्या खिडक्यांवर काळी कापडे सोडलेल्या रस्त्यांतून, फौजेच्या पहाऱ्यात, हजारो लोकांच्या धिक्काराच्या आरोळ्यांमध्ये त्याला बंदरावर नेऊन दक्षिणेकडे जाणाऱ्या गलबतावर चढविण्यात आले. पुढे वर्षभरात वर्गणीतून पैसे उभे करून त्याला विकत घेऊन मुक्त करण्यात आले. त्यानंतर त्याने जे केले ते मला त्या मिरवणुकीहून महत्त्वाचे वाटते. आपल्या जुन्या गावच्या चर्चमधून आपले नाव रीतसर दुसरीकडे वर्ग करून मिळावे, असा साधा अर्ज त्याने त्या चर्चकडे केला. उत्तर आले ते बहिष्काराचे: धन्याच्या ताब्यातून पळून जाऊन त्याने ईश्वराची आणि माणसांची अशा दोन्ही आज्ञा मोडल्या आहेत, सबब त्याला मंडळीतून काढून टाकण्यात येत आहे. बर्न्सने त्याला लेखी जबाब दिला. त्यात कोठेही त्रागा नाही. त्यात तर्क आहे. मी चोरला गेलेला माणूस, चोराच्या हातून निसटलो तर ईश्वराची कोणती आज्ञा मोडली, असा त्याचा रोख आहे, आणि मला मनुष्य म्हणून निर्माण करणाऱ्याने गुलाम म्हणून निर्माण केले नव्हते, हे त्याचे अधिष्ठान. फिलाडेल्फियाच्या सभेपासून मुत्सद्दी आणि पंडित ज्या प्रश्नाभोवती घिरट्या घालीत होते, त्याचा निकाल त्या एका पत्रात लागलेला आहे. स्वामित्वच नव्हते, म्हणून देवघेव झाली ती अवैध.

बर्न्स परत पाठविला गेल्यानंतर महिनाभराने, स्वातंत्र्यदिनी, मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅमच्या सभेत गुलामगिरीविरोधी पुढारी विल्यम लॉइड गॅरिसनने बर्न्सच्या प्रकरणातील आयुक्ताचा निवाडा, तो कायदा आणि शेवटी खुद्द संघराज्याची घटना, अशा एकामागून एक प्रती जाळल्या. गॅरिसनचे म्हणणे सरळ होते: करार पापाचा असेल तर करारातून बाहेर पडावे, उत्तरेने दक्षिणेशी असलेला संबंध तोडावा आणि आपले हात निर्मळ ठेवावेत. या निष्ठेचे तेज नाकारता येत नाही. परंतु याच ठिकाणी फ्रेडरिक डग्लसने त्याची साथ सोडली, आणि या साऱ्या वादात तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने सर्वांत खोल पाऊल मला ते वाटते. मेरिलंडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला, १८३८ साली पळून आलेला, आणि गॅरिसनच्या व्यासपीठावरूनच वक्ता म्हणून पुढे आलेला डग्लस १८५१ साली जाहीर करतो की संघ तोडण्याचे मत आपल्याला यापुढे मान्य नाही. उत्तर वेगळी झाली तर तिचे हात निर्मळ होतील, पण गुलामाचे काय? ज्या गुन्ह्यात इतकी वर्षे भागीदारी केली, त्याच्या बळीला गुन्हेगारापाशी एकटा सोडून निघून जाणे, हे प्रायश्चित्त कसे ठरते? तडजोड करणाऱ्याने गुलामाला ऐक्यासाठी विकले. संबंध तोडणारा त्याला आपल्या विवेकाच्या शांततेसाठी सोडून देऊ पाहत होता. दोघांच्याही हिशेबात गुलाम हे साधन होते. डग्लसचा आग्रह असा की करारात राहायचे, घटनेतील न्यायाची भाषा तिच्या कर्त्यांच्या इच्छेविरुद्धही त्यांच्या वारसांवर बजावायची, आणि गुलाम सुटेपर्यंत कुणालाही आपले हात धुऊ द्यायचे नाहीत.

मग उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध आले. १८६५ सालच्या ४ मार्चला, युद्ध संपत आले असताना, दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष लिंकनने जे सांगितले ते मेसनच्याच सिद्धान्ताचे भाष्य होते: दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात आणि एकाच ईश्वराला आळवतात, पाप एकट्या दक्षिणेचे नाही, आणि चाबकाने काढलेल्या रक्ताची भरपाई तलवारीने काढलेल्या रक्ताने होईपर्यंत हे युद्ध चालावे अशी ईश्वराची इच्छा असेल, तर त्याचा न्याय यथार्थच मानावा लागेल. मेसन आणि लिंकन यांच्यातील फरक एवढा की, एकाने ते सौदा होण्यापूर्वी इशारा म्हणून म्हटले, दुसऱ्याने देशातील सहा लाखांहून अधिक माणसे मेल्यावर कबुली म्हणून म्हटले.

या सिद्धान्तातील उदात्तता मान्य करूनही माझी बुद्धी तेथे अडते. कर्मविचारात आपल्या दर्शनकारांनी दोन दोष अक्षम्य मानले आहेत: कृतहानि, म्हणजे केलेल्याचे फळ कर्त्याला न मिळणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचे फळ भलत्यावरच येऊन कोसळणे. राष्ट्राच्या पापाला इतिहास दंड करतो असे म्हटले की हे दोन्ही दोष एकदमच येतात. रटलेज १८०० साली आणि एल्सवर्थ १८०७ साली त्या दंडाची झळ न लागताच वारले. आणि तो दंड भरला मेनमधील शेतकऱ्यांच्या पोरांनी, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या आयरिश मजुरांनी, जॉर्जियातील ज्यांच्या बापाजवळ एकही गुलाम नव्हता अशा गरीब गोऱ्यांनी. एवढेच नव्हे, तर संघाच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले आणि त्यांतले हजारो मेले. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अपराध घडला त्यांनीही अपराध्याच्या दंडात आपली भर घातली. हा न्याय असेल तर न्यायाची काही निराळी व्याख्या करावी लागेल. मला वाटते, येथे दंडाची कल्पना सोडून ऋणाची कल्पना घेतल्यास अधिक नीट उलगडा होतो. वडिलोपार्जित इस्टेट ज्याने घेतली त्याच्यावर तिचे ऋणही येते. त्यासाठी वारसाने अपराध केलेला असण्याची गरज नसते, त्याने वारसा उपभोगलेला असला म्हणजे पुरे. उत्तरेच्या गिरण्यांतील कापूस आणि बोस्टनच्या पेढ्यांतील भांडवल पाहिले की त्या उपभोगाचा पुरावा शोधीत जावे लागत नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो याच ठिकाणी, आणि तो जोतिराव फुले यांच्याद्वारे. १८७३ साली प्रसिद्ध केलेले आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी कृष्णवर्णीयांच्या दास्यविमोचनासाठी दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल, आदरपूर्वक अर्पण केले. पुण्यातून पाहणाऱ्या जोतिरावांना त्या युद्धात ऋण फेडणारे लोक दिसले, आणि आपल्या देशबांधवांनीही ते उदाहरण गिरवावे अशी त्यांची अपेक्षा होती. अर्पणपत्रिका खोटी नव्हती. लाखो लोकांनी तो त्याग खरोखरच केला होता.

पण त्या पुस्तकाला चार वर्षे होतात न होतात तोच उत्तर आणि दक्षिण यांच्यात पुन्हा एकदा समेट झाला. १८७६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक वादात सापडली, पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी रदरफर्ड हेज याच्या बाजूने कौल दिला, आणि दक्षिणेने तो मुकाट्याने स्वीकारला. मग हेजने दक्षिण कॅरोलिना व लुइझियाना येथील राज्यभवनांवरचा फौजेचा पहारा उठविला, आणि नव्याने नागरिक झालेल्या लोकांचे मत, शाळा व जीव त्यांच्या जुन्या धन्यांच्या मेहेरनजरेवर सोपविले गेले. ऐक्यासाठी याही वेळी दिले गेले ते देणाऱ्यांचे नव्हते. त्याच वसंत ऋतूत हेजने फ्रेडरिक डग्लसची राजधानीचा मार्शल म्हणून नेमणूक केली, सिनेटने तिला मान्यता दिली, आणि डग्लसने तो हुद्दा स्वीकारला. स्वतःपुरती तडजोड करण्याचा अधिकार त्याला निश्चितच होता, इतर कुणाहीपेक्षा अधिक होता. लुइझियानाच्या मळ्यांवर ज्यांना आता कुणी वाली उरला नव्हता त्यांच्या वतीने तो अधिकार त्याच्याकडे होता काय, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनी त्याला फारसा विचारलेला दिसत नाही, आणि तो विचारल्यावाचून मला या विषयाचा निरोप घेता येत नाही.